बत्तीवाल्याची पाकळी

हैदराबादचा माणूस दिवा काउंटरवर उपडा ठेवतो,
भिंग काढतो आणि मोजायला बसतो.
दोनशे एकोणीस तुकडे काचेचे,
मधून शिशाच्या बारीक शिरा,
काठाला हिरवी पानं, वर नारिंगी फुलं गच्च.
"पॉपी," म्हणतो, "यानी खसखस."
पूर्णेत खसखस आम्ही पाहिली
ती अनारशाच्या पाठीवर.
अण्णा करडई म्हणायचे या फुलांना.
आई म्हणायची, करडईला काटे असतात, इथं कुठं हायत?
तीस वर्षं चालला हा वाद,
आणि आई गेल्यावर अण्णांनी एकदम कबूल केलं
की काटे नाहीत.

अण्णा रेल्वेत बत्तीवाले.
सांजेला रॉकेलचा डबा घेऊन
सिग्नलच्या शिडीवर चढायचं,
वात कातरायची, काच पुसायची, उतरायचं.
वीज आली तेव्हा त्यांना पाणी भरायला लावलं.
त्याच साली साहेबांचं इन्स्टिट्यूट मोडलं.
बिलियर्डचं टेबल नांदेडला गेलं,
खुर्च्या टीसींनी वाटून घेतल्या,
या दिव्यावर बोलीच लागेना,
एक पाकळी फुटलेली.
सव्वीस रुपये. पगारातून कापून.

आठ दिवस अण्णा त्या भोकाकडं बघत बसले.
नवव्या दिवशी भंगारातनं आणली
सिग्नलची फुटकी लाल काच,
बादलीत बुडवली
आणि आईच्या कात्रीनं पाण्याच्या आत कातरली,
कड कड, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी.
म्हणाले, पाण्यात काचेला कळत नाही
आपल्याला कापायलेत ते.
ती कात्री पुन्हा ब्लाउजच्या कामाची राहिली नाही.
डाग द्यायचं कथील कल्हईवाल्या रज्जाकभाईंचं.
दिवा लागला तेव्हा घरभर मधाचा रंग,
आणि एकाच जागी, माझ्या पाटीवर, लाल.
मी पाटी घेऊन बाजूला सरकायचे.
लाल म्हणजे थांबा, हे मला अक्षरांच्या आधी येत होतं.

भिंगवाल्याला ती पाकळी लगेच सापडते.
नखानं वाजवतो. बाकीच्या किणकिणतात,
ही ठक्क म्हणते.
"ये बाद की है, बाजी. किसने लगाई?"
"बत्तीवाल्यानं."
तो वहीत काहीतरी लिहितो.
"इसके साथ आधा दाम. निकाल के दिये तो पूरा."
"भोक चलेगा?"
"हौ," म्हणतो. "खाली जगह असली है."

मी मोबाइल दुरुस्त करते.
तांदळाच्या कणीएवढ्या चिपा उतरवते बोर्डावरनं,
दिवसाला वीस-पंचवीस.
दुकानमालकाला डिपॉझिट वाढवून हवंय,
त्याला मी या महिन्यात तीनदा चहा पाजलाय.
सोल्डरिंग गन तापायला दीड मिनिट लागतो.
तेवढा वेळ मी अण्णांचा डाग बघते:
ओबडधोबड, लागतो त्याच्या तिप्पट,
शेणानं भिंत लिंपावी तसा.
चाळीस वर्षं हलला नव्हता.
दहा सेकंदांत पातळ झाला.
पाकळी हातात आली. जाड, वजनदार,
कडेला कात्रीचे दात मोजता येतात.

त्यानं दिवा माझ्याच सोलापुरी चादरीत गुंडाळला,
पैसे दोनदा मोजून दिले,
आणि चादरीचे वेगळे काढून ठेवले. माणूस वाईट नव्हता.

पाकळी दुकानात कुठं ठेवावी कळेना.
गल्ल्यात ठेवली, काढली.
एक पोरगं भिजलेला फोन घेऊन आलं होतं,
त्याला म्हटलं, उद्या ये.
रात्रीची गाडी फलाटाला लागली,
तिच्यात तो होता, दिवा होता.
मी पायरीवर जाऊन ती काच डोळ्याला लावली.
फलाट लाल, माणसं लाल, पाण्याची टाकी लाल.
गाडी सुटायची वेळ झाली
तरी मला सिग्नलच दिसेना.
काच खाली घेतली तर हिरवा,
डोळ्याला लावली तर काळा, विझल्यासारखा.
लाल काचेतनं हिरवा दिसत नाही,
हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

गाडी गेली.